सात चोक मांडून दाखव

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तिसरीचा वर्ग शिकवते. वर्गातला एक मुलगा दहापर्यंतचे पाढे कुठेही न अडखळता म्हणत असे, आणि तेवढ्यावरून त्याला गुणाकार येतो असे मी गृहीत धरले होते. एके दिवशी मी त्याला मधूनच ‘सात चोक किती?’ असे विचारले, तेव्हा तो ‘सात एके सात’पासून ओठांतल्या ओठांत म्हणत अठ्ठावीसपर्यंत आला. उत्तर बरोबर होते. तरी मला ते खटकले, म्हणून चिंचोक्यांचा डबा पुढे ठेवून मी म्हटले, ‘सात चोक मांडून दाखव.’ त्याने एकीकडे सात चिंचोके ठेवले, दुसरीकडे चार ठेवले आणि मोजले. अकरा भरले. ‘बाई, चिंचोके कमी आहेत का?’ त्याने अगदी मनापासून विचारले.

ती चूक त्याची नव्हती. पाढा पाठ असावा असे माझे आजही ठाम मत आहे, कारण मोठा गुणाकार करताना तोच हाताशी येतो. पण ‘चोक’ म्हणजे ‘चार वेळा’ हे मी त्या मुलांना कधी हाताने करूच दिले नव्हते.

कोपऱ्यात अंड्यांचा रिकामा ट्रे होता. पाढे म्हणताना नेहमी मागे पडणाऱ्या एका मुलीने तो ओढून घेतला आणि प्रत्येक खळग्यात एकेक चिंचोका टाकला. एका ओळीत सहा, अशा पाच ओळी. सहा, बारा, अठरा, चोवीस, तीस असे तिने बोटाने मोजले. मग ट्रे आडवा फिरवून ती म्हणाली, ‘आता पाच-पाचच्या सहा ओळी झाल्या, पण चिंचोके तेवढेच आहेत.’ सहा पंचे आणि पाच सक दोन्ही तीसच का, हे मी फळ्यावर कितीदा लिहिले असेल, पण इतके स्वच्छ कधी दाखवले नव्हते.

तो मुलगा हे सगळे एकटक पाहत होता. त्याने फरशीवर सात-सातच्या चार ओळी मांडल्या, अठ्ठावीस मोजले आणि पुन्हा एकदा मोजले. मी ‘सात नवे?’ विचारले, तेव्हा या वेळी त्याचे ओठ हलले नाहीत. त्याने दहा ओळी पूर्ण केल्या, ‘सात दाहे सत्तर’ म्हणाला, शेवटची ओळ ओंजळीत उचलून डब्यात टाकली आणि सांगितले, ‘त्रेसष्ट.’