हाय तिथंच हाय

“माझं काय सांगायचं गड्यांनो, हाय तिथंच हाय.” एवढं बोलून तो खाली बसला, अन् माईक पुढच्याकडं गेला.

काल लातूरला आमच्या बोर्डिंगची १९९४ ची दहावीची बॅच जमली होती. एकेकानं उठून आपलं सांगायचं, असं ठरलेलं. पुण्यातला फ्लॅट, दुबईची नोकरी, कुणाची लेक डॉक्टर, कुणाची बायपास. सगळ्यांचं मन लावून ऐकलं आम्ही. त्याला मात्र कुणी एक प्रश्न विचारला नाही. मीसुद्धा नाही.

जेवण झाल्यावर बाकीचे गप्पा मारत बसले. हा आपलं ताट उचलून नळावर गेला, विसळलं, पालथं घातलं. होस्टेलात रोज घालायचो तसंच.

हाच पोरगा ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीच्या भूकंपानंतर, दिवसभर गेटाला धरून उभा होता. गाव औसा तालुक्यातलं. पहाटे चारच्या सुमाराला आम्ही सगळे पटांगणात पळालो होतो. बाकीच्यांचे वडील येत गेले, पोरांना घेऊन गेले. याच्याकडं संध्याकाळी चुलते आले.

तेव्हाही आम्ही काही विचारलं नव्हतं. चौदा-पंधरा वर्षांची पोरं, काय विचारावं तेच कळत नव्हतं. पण काल?

रात्रभर ते पालथं ताट डोळ्यांपुढं होतं. सकाळी फोन लावला. शेतात होता. २०२५ च्या अतिवृष्टीत सोयाबीन गेलं, बांधही वाहून गेला, म्हणाला. तासभर बोलला.

तुमच्या बॅचला असा कुणी आहे का, ज्याला नीट विचारायचं राहून गेलंय?