मलेरियाची गोळी आणि डीएनए

रुग्णालयात मी इम्युनॉलॉजीची लॅब बघते. त्या दुपारी मायक्रोस्कोपखाली क्रिथिडियाची स्लाइड होती. क्रिथिडिया हा कीटकांच्या आतड्यात राहणारा एकपेशीय जीव. त्याच्या शेपटीच्या बुडाशी कायनेटोप्लास्ट नावाचा ठिपका असतो, त्यात दुपदरी डीएनए ठासून भरलेला, आणि एरवी डीएनए ज्यांना गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिनं नाहीत. त्यामुळे तो ठिपका चमकला तर रुग्णाची अँटीबॉडी (शत्रूला चिकटणारं संरक्षक प्रथिन) डीएनएलाच चिकटलीय असं धरायचं. नुसतं केंद्रक चमकलं तर आम्ही पॉझिटिव्ह लिहीत नाही.

स्लाइडवर टाकलेलं सिरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वॉर्डातल्या १९ वर्षांच्या मुलीचं होतं. गालांवर चट्टे, लघवीतून प्रथिनं, सी३-सी४ ही रक्तातली संरक्षक प्रथिनं घसरलेली. स्लाइडवर पेशीगणिक हिरवागार ठिपका. ल्युपस, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटण्याचा आजार.

रिपोर्ट न्यायला तिचे वडील खिडकीशी आले, हातात गोळ्यांचं पाकीट. "मॅडम, मेडिकलवाला म्हणतो ही मलेरियाची गोळी हाय. पोरीला मलेरिया झालाय का?"

प्रश्न चोख होता. शेजारी उभा असलेला रेसिडेंट डॉक्टरही माझ्याकडे बघायला लागला. वडिलांना एवढंच सांगितलं, "मलेरिया नाही. शरीरात रोज पेशी मरतात. तो कचरा हिच्या अंगात वेळेवर उचलला जात नाही आणि शरीर त्यालाच शत्रू समजतंय. ही गोळी तो गैरसमज कमी करते."

ते बाकावर जाऊन बसले. रेसिडेंटला मात्र तेवढ्यावर सोडलं नाही. शुद्ध डीएनए टोचून प्राण्यांत डीएनएविरुद्ध अँटीबॉडी उठवणं महाकठीण. शरीरात डीएनए सुटा नसतोच, हिस्टोनला गुंडाळलेला असतो. डीएनए कापणारी डीएनेज एन्झाइमं आणि सी१क्यू नावाचं रक्तातलं प्रथिन मेलेल्या पेशींचे अवशेष निकालात काढतात. जन्मतः सी१क्यू नसलेल्यांपैकी बहुतेकांना ल्युपस होतो. डीएनए ओळखणाऱ्या बी पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी) आपल्या सगळ्यांत असतात, एरवी गप्प. सफाई तुंबली की अशी एखादी पेशी डीएनए-हिस्टोन दोन्ही एकदम आत ओढते. आतल्या आम्लयुक्त पिशवीत टीएलआर-९ या संवेदकाला डीएनए भेटतो आणि पेशी चेतते. शिवाय हिस्टोनचा तुकडा ती बाहेर मांडते. मदतनीस टी पेशी ओळखते तो हिस्टोन, पण तिची मदत मिळते डीएनएविरुद्धच्या बी पेशीला! इतकी वर्षं शिकवतेय, तरी ही चलाखी सांगताना मजा येते. पुढे उत्परिवर्तनांनी अँटीबॉडीत आर्जिनिन हे अमिनो आम्ल वाढतं, डीएनएवरची पकड घट्ट होते, आयजीएम प्रकारची अँटीबॉडी आयजीजी प्रकारची होते, आणि ती मूत्रपिंडात साचते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, म्हणजे तीच मलेरियाची गोळी, त्या पिशवीतच अडथळा आणतं.

"म्हणजे टीएलआर-७ चंही तेच?" त्याने विचारलं. बरोबर, फक्त तिथे आरएनए.

निघताना वडील पुन्हा खिडकीशी. "कापूस वेचायला न्यावं का तिला?"

"उन्हात नको. उन्हाने कातडीच्या पेशी मरतात, कचरा आणखी वाढतो. या गोळीमुळे डोळे तपासून घ्या. आणि मेडिकलवाला काही म्हणो, गोळी बंद करू नका."