जुळी बाळं, नोकरी आणि प्रवास: हातांचा हिशोब

जुळी घेऊन एकटी निघालेली आई स्टेशनवर स्वच्छतागृहात कशी जाणार? दोन बाळं, एक सामानाची बॅग, दार आतून लावायला एक हात हवा आणि बाळांना ठेवायला जागा कुठेच नाही. प्रवासाचा बेत आखताना हा प्रश्न पहिल्यांदा सोडवायचा, बॅग त्यानंतर भरायची. एका बाळाबरोबरच्या प्रवासात जे आपोआप निभावतं, ते दोघांबरोबर हात कमी पडल्यामुळे अडतं. म्हणून आधी कागदावर असे क्षण शोधून लिहा, जेव्हा दोन्ही बाळं एकाच मोठ्या माणसाच्या ताब्यात असतील: तिकीट दाखवताना, जिना चढताना, बाटली धुताना, जोडीदार कामासाठी बाहेरगावी असताना. घर, ऑफिस आणि प्रवास, तिन्हीकडे ताण येतो तो याच क्षणी.

इथलं प्रवासाबद्दलचं सगळं साधारण सहा महिने ते दीड वर्षाच्या जुळ्यांसाठी आहे. बाळं दिवस भरण्याआधी जन्मली असतील, तर प्रवास कधी सुरू करायचा हे बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

सगळ्याचा पाया म्हणजे दोघांचं वेळापत्रक एक करणं. एक दुधासाठी उठलं की दुसऱ्यालाही दहा-पंधरा मिनिटांत उठवून पाजायचं. झोपलेल्या बाळाला उठवणं जिवावर येतं, पण तसं केलं नाही तर एकाचं आटपेपर्यंत दुसऱ्याची वेळ होते आणि रात्रभर कुणीतरी जागंच राहतं. नोंदीसाठी एक साधी वही आणि पानावर दोन रकाने पुरतात: दूध, शी-शू, औषध. मोबाइलवरच्या अ‍ॅपपेक्षा वही बरी, कारण आजी, सांभाळणाऱ्या ताई आणि आई-बाबा सगळ्यांनाच ती वाचता येते. हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांना रंग वाटून द्या. एकाचं सगळं पिवळं, दुसऱ्याचं सगळं निळं: दुपटं, टोपडं, बाटलीचं झाकण, औषधाची सिरिंज. अंगठ्याला नेलपेंटचा ठिपका लावायची युक्ती पुष्कळ जण सांगतात, पण पाचव्या-सहाव्या महिन्यात पायाचा अंगठा थेट तोंडात जातो, तेव्हा ती नकोच.

आता रजेचं. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूतिरजा मिळते. जुळी झाली म्हणून ती वाढत नाही. त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, आणि जुळ्यांच्या गरोदरपणात डॉक्टर अनेकदा लवकर विश्रांती सांगतात, त्यामुळे आधीच्या बाजूला रजा भराभर संपते. शक्य असेल तर शेवटच्या महिन्यांत घरून काम मागून घ्या आणि रजा मागे राखा. ५० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. हे कामावर रुजू होण्याच्या दिवशी विचारू नका, दोन महिने आधी लेखी विचारा. केंद्र सरकारी नोकरीतल्या वडिलांना १५ दिवसांची रजा मिळते, ती बाळाच्या जन्मापासून सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते. ती पहिल्याच पंधरवड्यात, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना संपवू नये. माहेरची माणसं परत गेली की मग खरी गरज पडते.

जोडीदारांपैकी एक कामासाठी चार दिवस बाहेर जाणार असेल, तर घरी एक मोठं माणूस आणि दोन बाळं उरतात. त्यात सगळ्यात अवघड संध्याकाळी सहा ते नऊ. दोघं कुरकुरतात, दोघांचं अंग पुसायचं, दोघांना भरवायचं, दोघांना झोपवायचं. मदतीला मोजकेच पैसे असतील तर दिवसभराच्या बाईपेक्षा या तीन तासांना कुणाला तरी बोलवा. जाणाऱ्याने जाण्याआधी तीन कामं करायची. चोवीस तास पुरतील एवढ्या बाटल्या उकळून झाकून ठेवायच्या. डायपर, वाइप्स आणि बदलण्याचं जाजम घरात दोन ठिकाणी मांडायचं, कारण एकाला पलंगावर सोडून दुसऱ्या खोलीत धावणं हाच पडण्याचा मार्ग. आणि फ्रिजवर औषधाचा कागद चिकटवायचा.

त्या कागदाबद्दल जरा सविस्तर, कारण इथे चूक महागात पडते. पॅरासिटामॉलचे थेंब साधारणपणे १०० मिलिग्रॅम प्रति मिली असतात. सिरप ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं असतं, आणि ५ मिलीत २५० चंही मिळतं. म्हणजे १ मिली थेंबांत जेवढं औषध आहे, तेवढ्यासाठी पातळ सिरप सुमारे ४ मिली लागतं. कुणी सिरपचा आकडा लक्षात ठेवून थेंब दिले तर चौपट डोस जातो. त्यात जुळ्यांची वजनं सारखी नसतात. एक साडेसात किलोचं, दुसरं सहा किलोचं, असं सर्रास असतं, आणि डोस वजनावर ठरतो. म्हणून डॉक्टरांकडून प्रत्येकाचा आकडा त्याच बाटलीचं नाव घेऊन मिलीमध्ये लिहून घ्या, घरात एकच प्रकार ठेवा, आणि वजन वाढलं की कागद बदला. दिल्याबरोबर वहीत वेळ लिहा, नाहीतर मध्यरात्री एकालाच दोनदा औषध जातं आणि दुसरं तापाने फणफणतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा.

पाळणाघर सुरू झालं की आजारपण येणार. एकाची सर्दी दोन-चार दिवसांत दुसऱ्याकडे जाते, त्यामुळे दोन दिवसांची रजा कधीच पुरत नाही, आठवडा धरावा लागतो. दोघांनी एकदम रजा टाकू नका. पहिले तीन दिवस एकाने, पुढचे तीन दुसऱ्याने. याच हिशोबाने, एकाला सर्दी झाल्यावर लगेच निघायचं असेल तर बेत पुढे ढकला. दुसरं नेमकं गाडीत आजारी पडतं. लसीच्या दिवसानंतरही ४८ तास प्रवास नको, ताप बहुधा त्याच काळात येतो.

रस्त्याने जायचं असेल तर वेळ दुधावर मोजा, किलोमीटरवर नाही. पुण्याहून कुडाळला कोल्हापूरमार्गे निघालात असं धरा. छोट्या बाळाला कार सीटमध्ये सलग दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, मान पुढे पडते आणि श्वासाला अडथळा होतो. म्हणजे सातारा, कराड, कोल्हापूर आणि घाट उतरल्यावर आणखी एक, असे चार थांबे. एका थांब्यावर दोन डायपर, दोघांचं दूध, ढेकर आणि मोठ्यांचा चहा यात पाऊण तास जातो. चार थांब्यांचे तीन तास झाले. आठ तासांचा प्रवास अकरा तासांचा होतो, आणि शेवटचा भाग घाटातल्या अंधारात येतो. त्यापेक्षा कोल्हापूरला मुक्काम करा. आदल्या रात्री गाडी चालवणाऱ्याला रात्रीच्या पाळीतून पूर्ण मोकळं ठेवा. झोप न झालेला चालक हा त्या गाडीतला सगळ्यात मोठा धोका असतो.

दोन कार सीट मागच्या सीटच्या दोन्ही कडांना, बाळांची तोंडं मागे करून लावायच्या. पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर, अशी सीट अजिबात लावू नये. लहान गाडीत दोन सीट बसल्यावर मध्ये माणूस बसतो का, हे विकत घेण्याआधी दुकानातच गाडी नेऊन पाहा. बऱ्याचदा बसत नाही, आणि मग मागे बाळांजवळ कुणीच नसतं. सीएनजीची गाडी असेल तर डिकीत टाकी असते, जुळ्यांची जोडगाडी (दोन बाळांची ढकलगाडी) तिथे मावत नाही. शेजारी-शेजारी बसायची जोडगाडी रुंद असते, आपल्याकडच्या जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये आणि फूटपाथवर अडते. एक हलकी घडीची गाडी आणि एक छातीला बांधायची झोळी, हा जोड जास्त कामाचा: एक बाळ ढकलता येतं, एक अंगावर, आणि एक हात सुटा राहतो.

रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही. दोन मोठ्यांना दोन खालचे बर्थ मिळाले तरच रात्र निभावते. आरक्षण करताना दोन खालचे बर्थ मिळाले तरच तिकीट काढावं असा पर्याय असतो, तो निवडा. बाळ भिंतीकडे, मोठं माणूस कडेला. मधल्या बर्थच्या साखळ्यांना साडीची झोळी बांधून बाळाला रात्रभर निजवू नये. गाडीने ब्रेक मारला की झोळी लोखंडावर आपटते. कोकण रेल्वेने पावसाळ्यात जात असाल तर गाड्या वेगळ्या, संथ वेळापत्रकाने धावतात, तेव्हा एक दूध आणि दोन डायपर जास्तीचे धरा. एसटीतही पाच वर्षांखाली तिकीट नाही, आणि अनेक स्थानकांवर अंगावर पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आहे. तो कुठे आहे आणि उघडा आहे का, हे बसमधून उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर विचारा.

विमानात एक नियम माहीत नसला तर दारातून परत फिरावं लागू शकतं. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर घेता येतं, पण एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच. जुळी घेऊन एकट्याने जायचं तर दुसऱ्या बाळासाठी वेगळं आसन आणि विमान कंपनीला चालणारी कार सीट लागते, आणि ती सोय सगळ्या कंपन्या देतात असं नाही. आई-बाबा दोघं असले तरी शेजारी-शेजारी बसता येईलच असं नाही. तीन-तीन आसनांच्या विमानात एका बाजूच्या तिघांसाठी बहुधा ऑक्सिजनचे चारच मुखवटे असतात, म्हणजे तिथे मांडीवरचं एकच बाळ चालतं. म्हणून मधल्या वाटेच्या अलीकडची आणि पलीकडची, अशी एकाच रांगेतली दोन आसनं घ्या. बाटली हातातून हातात देता येते. जन्मदाखले दोन वेगळे असतात, दोन्ही मूळ प्रती जवळ ठेवा. दाखल्यावर नाव घालणं जन्मापासून बारा महिन्यांत विनाशुल्क होतं, ते आधी उरका. विमान उतरायला लागताना कान दुखतात, तेव्हा दोघांना एकाच वेळी पाजता आलं पाहिजे, म्हणून शेवटचं दूध त्या अर्ध्या तासासाठी राखा.

पावडरच्या दुधाचं पाणी किमान ७० अंश गरम हवं, म्हणजे पावडरीतले जंतू मरतात. प्रवासात इथेच घोळ होतो. थर्मास दर वेळी उघडला की पाणी निवत जातं. एक लिटरचा थर्मास उकळत्या पाण्याने काठोकाठ भरा, आणि घरी एकदा सहा तासांनी थर्मामीटरने तपासून पाहा. बाटलीत आधी पाणी, मग पावडर. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा हे प्रमाण असतं, तरी आपल्या डब्यावरचं वाचा. पावडर प्रत्येक वेळेपुरती मोजून छोट्या कोरड्या डब्यांत भरून न्या, चालत्या गाडीत चमचे मोजताना आकडा चुकतो. निववायला स्टीलच्या मगात गार पाणी घेऊन बाटली त्यात धरा आणि मनगटावर थेंब टाकून पाहा. एका तासात न संपलेलं दूध ओतून द्या. काढलेलं आईचं दूध खोलीच्या तापमानाला (२५ अंशांपर्यंत) चार तास, आणि बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड डब्यात चोवीस तास टिकतं. एप्रिल-मेच्या उन्हात ते थंड डब्याबाहेर ठेवूच नका.

डायपरची थैली अशी भरा: एका छोट्या पिशवीत एक डायपर, तीन-चार वाइप्स, एक कचऱ्याची पिशवी. अशा बारा पिशव्या आठ तासांना पुरतात, प्रत्येकाला सहा: चार लागणाऱ्या आणि दोन जादा. एका हाताने एक पिशवी ओढली की काम सुरू. बाळांची मापं वेगळी असतील तर पिशव्यांवर रंगाची खूण करा. मोठं माप लहान बाळाला बांधलं तर मांडीजवळून गळतं.

गावी किंवा हॉटेलात पलंगाचा मोह नको. जमिनीवर सतरंजी, वर दोन वेगळ्या घट्ट गाद्या, दोन छत्रीच्या मच्छरदाण्या. दोघांना उताणं निजवा. आजी सोबत असेल तर तिच्या कमरेचा विचार करा. दोन्ही बाळांना दिवसभर जमिनीवरून उचलायचं काम तिच्याकडे नको. बदलायचं जाजम टेबलावर मांडा आणि तिच्याकडे बसून करायची कामं द्या.

परतल्यावर लगेच सोमवारी ऑफिस ठेवू नका, मध्ये एक दिवस सोडा. त्या दिवशी मदतनीस बोलवा, बाळांना त्यांच्या नेहमीच्या वेळा पुन्हा लागू द्या, आणि थर्मास, बाटल्या, त्यांची झाकणं सुटी करून साबणाने घासून घ्या. थर्मास झाकण न लावता पालथा ठेवा. ओला थर्मास बंद राहिला की आतून वास धरतो, आणि तो पुढच्या प्रवासाच्या सकाळीच कळतो.