‘ण’वरून नाव सांगा

नाव ठेवायचा मान आत्याचा, असं म्हणतात. प्रत्यक्षात आई-बाप सुचवतात, आजी खोडते, गुरुजी अक्षर देतात आणि आत्याच्या वाट्याला येतात पाठीतले धपाटे.

माझी भाची हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मली. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. म्हणजे आमच्याकडे ण आला. मराठीत ण वरून सुरू होणारा एक शब्द मिळत नाही. अंकलिपीतसुद्धा क कमळाचा, ग गवताचा, आणि ण? बाणाचा! तोही शेपटाला. चौथा चरण असता तर निदान ठकी तरी ठेवता आलं असतं, पण गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ होऊन जिच्या लग्नाची खटपट रंगवली, तीही ठकीच.

गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, “ण अडत असेल तर न घ्या. चालतो.”

त्यांना चालतो. आमची आई मराठीची निवृत्त शिक्षिका. आमच्या घरात ‘पानी’ म्हणणाऱ्याला पाणी मिळत नाही.

मग भाऊ म्हणाला, अक्षर जाऊ दे, पुस्तकातलं नाव ठेवू. वाचणाऱ्या घरात असं कुणीतरी म्हणतंच. त्याची स्वतःची तयारी तर डिलिव्हरीच्या आधीपासून होती. मुलगा झाला तर पांडुरंग. आई खूश, तिचं माहेर वारकऱ्यांचं. हा पांडुरंग पंढरपूरचा नसून ‘कोसला’तला सांगवीकर आहे, हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. मुलगी झाली आणि ते गुपित तसंच राहिलं.

नौपाड्यातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर मग रोज रात्री सुनावणी. मी म्हटलं, सिंधू. किती सुटसुटीत!

“शेवट माहितीये ना तिचा?” आई म्हणाली. ‘एकच प्याला’ तिनं गडकरी रंगायतनला पाहिलाय आणि त्याबद्दल बोलताना अजून नाक ओढते.

“आई, मी दारू पीत नाही आणि जावई यायला अजून पंचवीस वर्षं आहेत,” भाऊ.

“बॅडमिंटनवाली सिंधू आहे की,” मी. “दोन ऑलिंपिक पदकं!”

“तिच्या आईनं ‘एकच प्याला’ पाहिला नसेल.”

शारदा म्हटलं, तर देवलांच्या शारदेचा बाप आठवला, पैशासाठी पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला. भावाला ते फारच लागलं. (1929चा शारदा कायदा या नाटकावरून आला, असं मला कॉलेजात जाईपर्यंत वाटायचं. तो हरबिलास सारडांच्या आडनावावरून आलाय. नाटक त्याच्या तीस वर्षं आधीचं, 1899चं.) देवयानी? ‘ययाति’ घरात दोन प्रतींत आहे, त्यामुळे विरोधही दोन्ही बाजूंनी झाला. शर्मिष्ठा सुचवायची मग माझी छाती झाली नाही.

मला हळूहळू कळायला लागलं, की आम्हाला आठवणाऱ्या सगळ्याजणी रडलेल्या आहेत. आईला पात्र आवडलं की त्याचं दुःखच आधी आठवतं, नाव नंतर. शेवटी मी स्टेशनजवळ मराठी ग्रंथ संग्रहालयात गेले. संस्था 1893पासूनची, म्हणजे एवढ्या कपाटांत एखादी तरी सुखानं नांदली असेल. काउंटरवरच्या बाईंना तसंच विचारलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बालविभागात बघा.”

या सगळ्यात माझी भावजय गप्प होती. दहाव्या दिवशी लेकीला ढेकर काढायला खांद्यावर थोपटत ती म्हणाली, “मृण्मयी.”

“गोनीदांची?” आई सावरून बसली.

“हो. बाबांच्या कपाटात होती. माझी खाट समोरच. रात्री दिवा घालवेपर्यंत पुस्तकाच्या पाठीवरचं ते नाव दिसायचं. पहिल्यांदा ते जोडाक्षर न अडखळता वाचलं, तेव्हा मी दुसरीत होते.”

“आणि कादंबरी?”

“ती नाही वाचली कधी.”

आईचं सगळं हत्यारच गळून पडलं. तिनं गोनीदांचं गडकिल्ल्यांवरचं पान अन् पान वाचलंय, पण ही कादंबरी कशी कोण जाणे राहून गेली होती. शेवट कुणालाच माहीत नाही, तर खोडायचं कशावरून? तिनं नाव दोनदा पुटपुटलं. मातीची. मग बोटानं टेबलावर गिरवून पाहिलं आणि एकदम म्हणाली, “अगं, ण आहे! अर्धा आहे, पण आहे.”

बारशाला ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव मी लिहिलं. मृ नीट उमटला. अर्धा ण काही केल्या टिकेना, तांदूळ घसरून त्याचा कान बुजायचा. तीनदा लिहिला. मग पाळण्यात वाकून कुर्रर्र केलं आणि पाठीत असे धपाटे बसले की दोन दिवस बाम लावत होते. घुगऱ्या मात्र छान झाल्या होत्या.

जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. नाव नंतर वर्षभरात फी न भरताही घालता येतं, पण भावाला दम निघेना. फॉर्म त्यानंच भरला, त्याच्या अक्षरात. दाखला आला. त्यावर ‘मृन्मयी’.

“दुरुस्तीचा अर्ज करू?” त्यानं आईला घाबरत विचारलं. दुसरीत असताना शुद्धलेखनाची वही दाखवायचा, अगदी तसाच उभा होता.

आईनं दाखला लांब धरला, जवळ धरला. “संस्कृतात हेही चालतं,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “गुरुजी म्हणालेच होते, न घ्या.”

तिच्या उशाशी सध्या ग्रंथ संग्रहालयातून आणलेली ‘मृण्मयी’ आहे. खूण शेवटाच्या जरा अलीकडे, आठवडाभर तिथंच. पुस्तक माझ्या नावावर आहे, परतीची तारीख उलटली, म्हणून काल विचारलं.

“वाचतेय अजून,” म्हणाली. “दंड मी भरीन.”