पाचशे मीटरची त्रिज्या

नागपुरात बसून गावांच्या लोकसंख्येची आणि दळणवळणाची टिपणे तयार करणे हे माझे काम. 2011 च्या जनगणनेची ग्रामनिर्देशिका समोर ठेवायची, तिचा एकेक रकाना गावात जाऊन पडताळायचा आणि सोय गावात नसेल तर अंतर अक्षरात लिहायचे : पाच किलोमीटरच्या आत ‘ए’, पाच ते दहा ‘बी’, त्यापुढे ‘सी’. या यादीत आमच्याकडच्या रिठी मौजाही असतात, म्हणजे सातबारा आहे, क्षेत्रफळ आहे, वस्ती मात्र एकाही माणसाची नाही. त्या दिवशी काम लवकर संपते.

2023 च्या पावसाळ्यात कुही तालुक्यातील ज्या गावाला गेलो, ते कागदावर अगदी सुस्थितीत होते. रेल्वे स्थानक ‘ए’. ते खरेही होते, कारण नागपूर–नागभीड छोट्या गाडीचे स्थानक तिथून जवळच होते. फक्त रुंदीकरणासाठी ती गाडी नोव्हेंबर 2019 मध्ये बंद झाली होती. रकाना स्थानकाबद्दल विचारतो, गाडीबद्दल विचारत नाही. एस.टी.ची सकाळची फेरी 2021-22 च्या संपापूर्वी गावापर्यंत येत असे. संपानंतर ती फाट्यावरूनच वळू लागली. त्यापुढे मुरमाचा रस्ता, आणि फाट्यावर मिळालीच तर काळीपिवळी. बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत आहे, मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, आणि या दोन्ही गोष्टी मी उत्साहाने सांगितल्यावर धानाच्या रोवण्यावरून परतलेली एक बाई म्हणाली, “अर्ध्या तिकिटाचं काय करू जी, फाट्यावरी तं पुरंच चालावं लागते.”

पण मला अजून सोडवता आलेला नाही तो प्रश्न टोलीचा, म्हणजे गावापासून सुट्या वसलेल्या लहान वस्तीचा. मूळ गाव नाल्याच्या अलीकडे, टोली पलीकडे. जनगणनेत दोन्ही एकच गाव, त्यामुळे लोकसंख्या पाचशेच्या वर जाते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर 2000 मध्ये सुरू झाली, तिचा सपाट प्रदेशातील निकष तेव्हा 2001 च्या जनगणनेनुसार पाचशे लोकसंख्येचा होता. मात्र तिथे मोजायचे एकक महसुली गाव नसून वस्ती आहे. वस्त्या वेगळ्या धरल्या की दोन्ही पाचशेच्या खाली, म्हणजे निकषात बसत नाहीत. एकत्र धरायच्या तर त्या पाचशे मीटरच्या त्रिज्येत असाव्या लागतात.

जुन्या नोंदीत कोणीतरी हे अंतर रस्त्याने मोजून वस्त्या वेगळ्या टाकल्या होत्या. नाल्यावरच्या रपट्यापर्यंत, म्हणजे ठेंगण्या फरशी पुलापर्यंत, वळसा घालून जावे लागते, त्यामुळे रस्त्याने अंतर भरपूर भरते. मी दोन्ही वस्त्यांच्या मध्यबिंदूंवर उभा राहून उपग्रहाच्या साहाय्याने स्थाने घेतली, नकाशावर रेघ ओढली, आणि सरळ अंतर पाचशेच्या आत सहज बसले. त्रिज्या म्हणजे सरळ रेषा, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. नोंद करणारा बहुधा मोटारसायकलच्या मीटरवर विसंबला असावा. आमच्या क्षेत्रात मोजमापाची ही हलगर्जी नवी नाही.

मात्र त्याच दुपारी रपट्यावर पाणी चढले आणि आम्ही बराच वेळ टोलीतच अडकलो. तेव्हा लक्षात आले की माझे अंतर नियमाला धरून असले तरी त्यात नाला कुठेच दिसत नाही, आणि त्या बेफिकीर माणसाच्या अंतरात निदान वळसा तरी दिसतो. गावाची अडचण जितकी खरी लिहावी, तितका रस्ता दूर जातो. आणि रस्ता मिळावा म्हणून सरळ रेषा लिहावी, तर टोली पावसाळ्यातही गावाला लागूनच असल्यासारखी वाटते.

वरिष्ठांना विचारले, तर ते म्हणाले, अंतराचा रकाना एकच आहे, एकच आकडा लिहा. मी रकान्यात सरळ अंतर लिहिले, आणि रस्त्याचे अंतर, रपटा व तो किती वेळ बंद राहतो हे सारे शेऱ्यात मांडले. संगणकावर माहिती भरणाऱ्या मुलाने दुसऱ्या दिवशी शांतपणे सांगितले की शेरा भरायला त्याच्याकडे जागाच नाही. तो कागद मी अजून बाहेर काढून ठेवला आहे, आणि रकान्यातला आकडा बदलावा की तसाच राहू द्यावा, हे ठरत नाही.