डब्याच्या टेबलावर साहेबाने काय बोलू नये

नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांमधले ओळखीचे लोक भेटले की एक प्रश्न हमखास येतो. ‘तुमच्याकडे म्हणे सगळे एकत्र जेवतात आणि त्यामुळे डिपार्टमेंटची आपसातली धुसफूस कमी झाली. आम्हालाही टीममध्ये बोलणं वाढवायचंय. वाशीत एखादं बरं हॉटेल सुचवा ना.’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण हॉटेल सुचवणार नाही.

हॉटेलातली टीम लंचं मी पुष्कळ पाहिली आहेत. लांबलचक टेबल, टोकाला साहेब, आणि जो तो आपल्या रोजच्याच माणसाशेजारी. सुरमई थाळीवाले एकीकडे, व्हेजवाले दुसरीकडे, दोन खुर्च्यांपलीकडचं काही ऐकू येत नाही. मग ग्रुप फोटो. सोमवारी डिझाइनवाला आणि परचेसवाला परत ईमेलवरच भांडतात, सीसीमध्ये अर्धी कंपनी. मजा येते, नाही कशाला म्हणू? पण ज्याला काही सांगायचं असतं तो ते तिथे सांगत नाही.

आमचं रबाळे एमआयडीसीत छोटं युनिट आहे, कंट्रोल पॅनेल बनवतो. मी प्लॅनिंग बघते. १९४८ च्या जुन्या कारखाना कायद्यात कँटीन सक्तीचं व्हायला आकडा २५० कामगारांच्या वरचा होता आणि जेवणाच्या खोलीचा १५० च्या वरचा. आम्ही दोन्हीत बसत नव्हतो. सलग पाच तासांहून जास्त काम नको, मध्ये निदान अर्धा तास सुट्टी, हे मात्र त्याच कायद्यातलं आणि आम्हालाही लागू होतं. तर आमच्याकडे होता तो हा अर्धा तास. पूर्वी डिझाइनवाले वर एसीत आपापल्या जागेवर जेवायचे, वायरिंगचे लोक खाली पॅकिंगच्या खोक्यांवर, आणि परचेसवाला एका हातात पोळीचा रोल, दुसऱ्या हातात माउस. स्टोअरशेजारची खोली रिकामी करून तिथे एक मोठं टेबल टाकलं आणि सगळ्यांची वेळ एक केली. बदल एवढाच.

त्याने काय होतं ते एका गोष्टीवरून सांगते. आमच्या सीनियर वायरमन काकांनी एकदा भाकरी मोडता मोडता डिझाइनमधल्या मुलीला विचारलं, ‘ताई, त्या गुजरातमधल्या दहेजच्या ऑर्डरला केबल खालून येणारे ना?’

‘हो, ट्रेंच आहे तिथे.’

‘मग ग्लँड प्लेट वर कशी दाखवलीय?’ (ग्लँड प्लेट म्हणजे जिच्यातून केबल पॅनेलमध्ये शिरतात ती पट्टी.)

ती क्षणभर बघत राहिली आणि डबा तसाच टाकून वर पळाली. जुन्या ऑर्डरचं ड्रॉइंग कॉपी करताना प्लेट वरच राहून गेली होती. शीट अजून कटिंगला गेली नव्हती, म्हणून निभावलं. नंतर मी काकांना विचारलं, हे तुम्हाला दिसलं कधी? तर आदल्या दिवशी सकाळीच! मग बोलला का नाहीत? ‘मॅडम, वर जाऊन सांगायचं म्हणजे तक्रार केल्यासारखं होतं. परत लेखी मागतात.’

सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. चांगली बातमी कशीही वर पोचते. वाईट बातमीला, त्यातही ‘मला वाटतंय, नक्की नाही’ अशा अर्धवट शंकेला, फॉर्म नसतो. ती जेवताना सहज निघते.

आकडेवारी हवी असणाऱ्यांसाठी: अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अग्निशमन केंद्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकत्र जेवणाऱ्या तुकड्यांच्या कामाला त्यांच्या अधिकाऱ्यांनी जास्त चांगले गुण दिले होते. पण त्यावरून एचआरच्या प्रेझेंटेशनमध्ये फार उड्या मारू नका. जेवल्यामुळे जमतं की ज्यांचं आधीच जमतं ते एकत्र जेवतात, हे अशा पाहणीतून सुटत नाही. आणि ते लोक स्वतः वर्गणी काढून, स्वतः रांधून जेवत होते. कंपनीने मागवलेला पिझ्झा नव्हता तो.

‘जेवताना कामाचं बोलायचं नाही’ हा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. आमचा जरा वाकडा आहे. वरच्याने खालच्याला कामाचं विचारायचं नाही. खालच्याने विषय काढला तर मात्र ऐकून घ्यायचं. आणि टेबलावर ऐकलेलं मीटिंगमध्ये ‘काका म्हणत होते’ असं नाव घेऊन सांगायचं नाही. ‘डिस्पॅचचं काय झालं?’ एवढं साहेबांनी एकदा जरी विचारलं, तरी पुढचे चार दिवस मंडळी माना खाली घालून जेवतात. आमचे साहेब हे शिकले, पण वेळ लागला. सुरुवातीला त्यांना क्रिकेटशिवाय विषयच सुचत नसे.

पदार्थांचं म्हणाल तर तिथे जपून. डबा माणसाचं गाव सांगतो, घर सांगतो, आणि आपल्याकडे त्यावरून लोक बाकीचंही ताडायला जातात. एक ट्रेनी पोरगा कितीतरी दिवस झाकण अर्धं डब्यावर ठेवूनच जेवायचा. त्याला कुणी काही विचारलं नाही, तेच बरं झालं. घणसोली गावातली आमची अकाउंट्सवाली सुकट आणते, तिच्यासमोर चतुर्थीचा भगर-आमटीवाला बसतो. नाक मुरडायचं नाही, आग्रह करायचा नाही. ज्याला वास सोसत नाही त्याने खिडकीकडे बसावं. रमजानात रोजा असणाऱ्यांना ‘नुसते बसा ना’ म्हणून ओढून आणणं हाही जुलूमच, पण तरी कुणीतरी म्हणतंच.

‘शुक्रवारी प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा’ ही टूम तर मुळीच काढू नका. आमच्याकडे निघाली होती, पुरुषांनीच काढली होती. म्हणजे कुणाची तरी बायको पहाटे पाचला उठून वीस जणांचे मेदूवडे तळणार, आणि ऑफिसातल्या बायका ते स्वतःच करणार. बंद पाडली. जे खोली घेऊन राहतात, ज्यांना डबा करायला कुणी नाही, त्यांच्यासाठी पोळी-भाजी केंद्रातून मागवतो, हिशोब महिनाअखेरीला.

वर्क फ्रॉम होमवाल्यांनी कॅमेरा लावून एकत्र जेवावं का, असं परवा एकीने विचारलं. नको गं बाई. स्वतःला चावताना बघत कोण मोकळं बोलणार? त्यापेक्षा ज्या दिवशी सगळे ऑफिसात येतात, त्या दिवशी साडेबारा ते दोनच्या मध्ये कुणीही मीटिंग टाकणार नाही, एवढं मॅनेजमेंटकडून लिहून घ्या. आमच्याकडे सगळ्यात मोठं भांडण टेबलावरून नाही, त्यावरून झालं.