मूळव्याध परत परत उचल खाते त्यांच्यासाठी

रक्त थांबलं, दुखणं गेलं की लगेच इसबगोल बंद करू नका, हे मला खूप कळकळीने सांगायचंय. मला दुसऱ्या बाळंतपणापासून हा त्रास आहे. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सगळ्यांनाच असतात, कुंथून कुंथून त्या सुजतात आणि खाली सरकतात, म्हणजे मलमाने सूज उतरली तरी शी कडक ती कडकच राहिली तर कोंब परत येणारच ना.

रात्री ग्लासभर पाण्यात इसबगोल घालायचं, फुगायच्या आत पिऊन टाकायचं आणि वर अजून एक ग्लास पाणी प्यायचं, कमी पाण्यात घेतलं तर उलट घट्ट होतं. सुरुवातीला गॅस होतो म्हणून अर्ध्या चमच्यापासून वाढवत न्या. ज्वारीची भाकरी, पालेभाजी आहेच, सुरणही मी आवडीने खाते पण नुसत्या सुरणावर भिस्त ठेवत नाही. संडासात मोबाईल नको, पाच-सात मिनिटांत नाही झाली तर उठायचं. त्रास वाढला की शी झाल्यावर टबात कोमट पाण्यात 10-15 मिनिटं बसायचं, खरंच खूप आराम पडतो.

आणि मेडिकलमधून परस्पर मलम आणणाऱ्यांनो, आतली मूळव्याध सहसा दुखत नाही, नुसतं लालभडक रक्त पडतं. शी करताना काच कापल्यासारखं दुखलं आणि नंतर कितीतरी वेळ आग होत राहिली तर ते बहुतेक फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर असते, त्याचं मलम वेगळं, ते आवळलेला स्नायू सैल करतं. बाहेर एकाएकी निळसर टणक गाठ आली, बसवत नाही इतकी दुखतेय, तर तिच्यात रक्त गोठलेलं असू शकतं, पहिल्या 2-3 दिवसांतच सर्जनला दाखवा, तेव्हा ती काढून टाकायचा फायदा असतो.

पथ्य पाळूनही रक्त पडतंच असेल तर बँडिंग असतं, कोंबाच्या मुळाशी छोटं रबर बँड बसवतात, बहुतेक वेळा पूर्ण भूल न देता ओपीडीतच होतं, काही दिवसांत कोंब सुकून गळतो. मूळव्याधीच्या इलाजाचे बोर्ड वाचून कुणाकडूनही इंजेक्शन मात्र घेऊ नका प्लीज.

बायका हे अंगावर काढतात, हिमोग्लोबिन उतरतं तरी घरात बोलत नाहीत. लाज वाटत असेल तर लेडी सर्जन शोधा पण तपासून घ्या. त्यातून शी काळी होतेय, वजन उतरतंय, शी होण्याची नेहमीची सवय बदललीये किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालाय तर मूळव्याधच असेल असं धरून न चालता कोलोनोस्कोपीचं, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासायचं, डॉक्टरांना स्वतःहून विचारा.